केबिनच्या पत्र्यावरचा दात

आमच्या भाचीचे वरचे दात आधी आले, आणि तेव्हापासून माझ्यामागे साडेसाती लागली, असं आमच्या आईचं ठाम मत आहे. बाळाचे खालचे दात आधी यायचे, मग वरचे, ही झाली रीत. वरचे आधी आले तर ते मामाला जड. मामालाच का, काकाला का नाही, आत्याला का नाही, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "तसंच असतंय. तू गप ऱ्हा आन् सोनाराकडं जा." उपाय असा, की मामानं चांदीची वाटी आणायची आणि त्या वाटीतून भाचीला दूधभात भरवायचा. मी वाटी आणली, दूधभात भरवला. भाचीनं त्याच दोन दातांनी माझं बोट असं काही चावलं, की जड म्हणजे काय ते मला तिथल्या तिथं कळलं.

मी चाकणला कंपनीत आहे. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवतो आम्ही. त्यानंतरच्या वर्षांत माझी गाडी पंक्चर झाली, नाइट शिफ्ट लागली, बघायला गेलेली मुलगी नको म्हणाली, काहीही झालं तरी चाकणजवळच्या आमच्या गावी ओट्यावर बसून आई एकच सांगायची, "वरचं दात आधी आलं तवाच मी म्हनलं हुतं." मुलगी नको म्हणाली त्याचं कारण मी तिच्या वडिलांशी पहिल्याच भेटीत क्रिकेटवरून भांडलो, हे आईला काही केल्या पटत नाही.

ताई आणि दाजी राहतात रहाटणीत, चौथ्या मजल्यावर. फर्स्ट शिफ्ट सुटली की आठवड्यातून दोनदा तरी माझी गाडी आपोआप तिकडे वळते. ताईला वाटतं तिच्या हातच्या भरितासाठी वळते. तसं नाही, मी भाचीचं हसणं ऐकायला जातो. ती हसायला लागली की आधी आवाजच यायचा नाही. तोंड वासलेलं, डोळे गच्च मिटलेले, आणि मग एकदम कुकरची शिट्टी झाल्यासारखी सुटायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा खरोखर वर येऊन विचारलं होतं, गॅस बंद केलाय ना म्हणून.

पहिलीत गेली तशी तिचे पुढचे दुधाचे दात हलायला लागले. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकतात. म्हणजे नवा दात लवकर येतो आणि सरळ येतो. फेकायचं काम कुणाचं? वरचे दात म्हटल्यावर अर्थात मामाचं. तिचा वरचा डावा दात दिवाळीच्या सुट्टीत गावी पडला. मी गोठ्याच्या पत्र्यावर फेकला, आणि थोड्याच महिन्यांत तिथे फावड्यासारखा नवा दात हजर झाला. आईनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझं काहीतरी बरोबर वाटलं असावं.

उजवा दात मात्र रहाटणीत पडला, वडापाव खाताना. आता फ्लॅटला छप्पर कुठून आणायचं? टेरेसला कुलूप, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. मी किल्ली मागायला गेलो तर ते म्हणाले, "कशाला हवीय?" मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या शेणाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. ते शेण मी मागच्या गल्लीतल्या जुन्या गोठ्यातून मागून आणलं होतं, तेही दोन प्रश्नांना उत्तरं देऊन. वाया घालवायचं जिवावर आलं. गॅलरीतून खाली बघितलं तर गेटपाशी वॉचमनच्या केबिनचा पत्रा दिसला. कंपनीच्या टेनिस बॉलच्या टीममध्ये मी बाउंड्रीवरून थेट स्टंपावर मारतो. नेम धरला, फेकला, टण्ण! दाजींनी टाळ्या वाजवल्या. भाची तेवढी रेलिंगला नाक लावून खाली बघत राहिली. म्हणाली, "मामा, पण ते आपलं घर नाहीये."

"पत्रा आहे ना? झालं तर मग," मी म्हणालो आणि भरीत खायला बसलो.

त्या केबिनला लागूनच एक खोली आहे. तिथे वॉचमन, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी राहतात. मंडळी लातूरकडची. मुलगी भाचीच्याच वयाची, आणि तेव्हा तिचाही वरचा उजवा दात पडलेला. दोघी संध्याकाळी पार्किंगमध्ये लंगडी खेळायच्या आणि आपापली खिडकी दाखवून एकमेकींना वेडावायच्या. पुढे त्या पोरीचा दात आला, चांगला पांढराशुभ्र. भाचीच्या जागी मात्र नुसती गुलाबी हिरडी.

उन्हाळा गेला, पावसाळा लागला, गणपती आले आणि गेले. दात काही येईना. डावा दात तेवढा वाढत होता आणि शेजारी मोकळी जागा बघून हळूहळू तिकडे कलत होता, बसमध्ये शेजारचा उतरला की आपण पसरतो तसा. दाजी म्हणायचे, "येईल राव. बस थोडीच आहे वेळेवर यायला." आई म्हणायची, "आमच्यात दात उशिराच येत्यात. ह्याला तर अजून अक्कलदाढबी न्हाई." आणि माझ्याकडे बघायची. दात चावून चावून येतो म्हणून तिनं गावाहून उसाची कांडकी पाठवली. ताईचं दिवसभर एकच, "जीभ लावू नकोस तिथे, वाकडा येईल." डॉक्टरकडे जावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. दुखत नव्हतं ना! आमच्याकडे जे दुखत नाही ते डॉक्टरला दाखवत नाहीत.

मग शाळेत तिला कुणीतरी 'फाटक' म्हणायला लागलं. एकानं म्हटलं की वर्ग म्हणतोच. वर्गाच्या फोटोत ती ओठ असे घट्ट मिटून उभी आहे, की कुणी जबरदस्तीनं काढा पाजायला आलंय असं वाटावं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, पोरगी हसतच नाही. मी माझे सगळे हुकमी विनोद करून बघितले, सेक्रेटरींच्या चालण्याची नक्कलसुद्धा केली. तिनं तोंडावर हात ठेवला, खांदे हलवले, संपलं. शिट्टी नाही. मला तो हात बघवेना. सात-आठ वर्षांच्या पोरीनं स्वतःचं तोंड झाकायचं म्हणजे काय! माझा जीव तुटला, आणि रागही आला. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तिला मात्र कळलं होतं, तिनं तिचा राग माझ्यावर काढला. माझ्याशी कट्टी. मी चिक्की आणली, ती घेतली, खाल्ली, पण बोलली नाही. ताईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा ती रडत म्हणाली, "मामानं माझा दात तिच्या घरावर टाकला. म्हणून तो तिला आला."

मला हसू फुटलं, हे चुकलंच. ती आणखी मोठ्यानं रडायला लागली. मग मी समजावायला बसलो, की अगं, दात असे इकडून तिकडे जात नसतात. ती डोळे पुसत म्हणाली, "मग छपरावर कशाला टाकतात?"

याचं उत्तर आमच्या खानदानात कुणाकडे नाही. आणि तिचा पुरावा बघा ना. गोठा आपला, दात आपल्याला आला. केबिन त्यांची, दात त्यांना आला. कंपनीत ऑडिटला येतात त्यांनीही मला कधी इतकं स्वच्छ धरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मागणी करायला खाली गेली. मी गाडी लावत होतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. वॉचमनची पोरगी केबिनच्या पायरीवर बसून अभ्यास करत होती. भाची तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझा दात दे."

"तुझा दात माझ्याकडं कशाला असंल?"

"तुझ्या तोंडात आहे. हा."

दुसरी एखादी भांडली असती. ही उठली, जवळ आली आणि मोठा आ करून म्हणाली, "घे काढून. हलायलाय का बघ."

आणि आमच्या बयेनं खरंच चिमटीत धरून तो दात ओढला! पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. मी "अगं, अगं" करत धावलो, तोपर्यंत तपासणी झाली होती.

"नाही हलत," भाची म्हणाली.

"मग? तुझा असता तर सैल बसला असता की."

भाची जरा विचारात पडली. मला वाटलं, सुटलो. पण ती म्हणाली, "मामानं जोरात टाकला ना, म्हणून घट्ट बसलाय. तुझ्याशी पण कट्टी. कायमची." आणि जिना चढून निघून गेली. ती पोर तिथंच उभी राहिली. एवढा वेळ हसरं असलेलं तिचं तोंड एकदम बारीक झालं. गाडीला लॉक लावून मी निघालो तर मागून आवाज आला, "मामा, तिचा दात आमच्या पत्र्यावरच पडला असंल. तिच्या घरावर टाका ना काढून. मला नगं तिचा."

आता यावर माणसानं काय करायचं? रविवारी सकाळी मी वॉचमनकडून शिडी मागितली आणि चढलो पत्र्यावर. पावसाळा होऊन गेलेला, शेणाचा मागमूस नाही, पण शोधल्यासारखं तर करायला हवं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत भाची, खाली वॉचमनची पोरगी, आणि हळूहळू अर्धी सोसायटी जमली. मला दोन शटल सापडली, एक चप्पल, पतंगांचे सांगाडे आणि कुणाचातरी रिमोट. एवढ्यात सेक्रेटरी दूध घेऊन आले. "काय चाललंय तिथे?" मी वळून म्हणालो, "दात शोधतोय." आणि त्याच क्षणी गंजलेला पत्रा कर्रकन वाकला आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत केबिनच्या आत गेला. आत वॉचमन चहा पीत होते. नंतर सांगत होते, चहात पाय पडता पडता राहिला.

लोक हसले. मला मात्र सगळ्या गलक्यात चौथ्या मजल्याकडे बघायचं सुचलं. भाचीचा हात तोंडावर होता. माझा पाय पत्र्यात अडकलेला असतानाही तिला हात काढावासा वाटला नाही, म्हणजे प्रकरण भलतंच पुढे गेलं होतं. पायाला पट्टी, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. आईला फोन गेला. ती काय म्हणाली ते मी पुन्हा सांगत नाही.

"घरातलं आणखी कुणी पत्र्यावर चढायच्या आत मी हिला डॉक्टरकडे नेते," ताई म्हणाली. तेवढं एक बरं झालं माझ्या पायामुळे.

काळेवाडी रस्त्याला लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर आहेत. आम्ही चौघं गेलो, त्यातला मी लंगडत. त्यांनी हिरडी बोटानं चाचपली, एक्स-रे काढला आणि तो स्क्रीनवर मोठा करून भाचीलाच समोर बसवलं. "हा बघ तुझा दात. वर, हिरडीच्या आत. पूर्ण तयार आहे." मग पेनानं शेजारचं दाखवलं. एक बुटका, टोकदार, हरभऱ्याएवढा दात मध्येच तिरका बसला होता. "आणि हा जास्तीचा. काही मुलांना असतो असा एखादा, त्यात कुणाचीच चूक नाही. हा वाट अडवून बसलाय, म्हणून तुझा दात खाली येऊ शकत नाही." मशीनमध्ये एक पार्ट अडकला की मागचा बाहेर येत नाही, हे तर मी रोज बघतो. डॉक्टर मग आमच्याकडे वळल्या. "शेजारचा दात आल्यावर इतके महिने नुसती वाट बघायची नसते. तेव्हाच दाखवायचं." दाजी पंख्याकडे बघायला लागले.

भाचीचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती स्क्रीनला नाक लावून होती. "म्हणजे माझा दात माझ्याकडेच आहे?"

"तुझ्याकडेच. जाईल कुठे?"

मी कॉलर ताठ केली. पत्र्याच्या आरोपातून मी सुटलो होतो आणि आता एखादा गोड शब्द ऐकायला मिळेल अशी वाट बघत होतो. पण तिचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, मी तर तिचा ओढला."

त्या दिवसापासून ती गेटमधून जाताना ताईच्या ओढणीत तोंड लपवायची. आधी दात नाही म्हणून लपवायची, आता लाज वाटते म्हणून. खाली खेळायला जाणं बंद. "जा, सॉरी म्हणून ये," ताई म्हणायची. ती मान हलवायची. "आधी येऊ दे." दात आल्याशिवाय कुठल्या तोंडानं जाणार, असा तिचा सवाल होता, आणि तिच्या बाजूनं तो बरोबरच होता.

जास्तीचा दात काढायच्या दिवशी तिनं अट घातली, हात धरायला मामाच पाहिजे. मी फुशारून आत गेलो. डॉक्टरांनी हिरडी बधिर करायची सुई हातात घेतली आणि ती मी बघितली. पुढचं नीट आठवत नाही. मदतनीस बाईंनी मला स्टुलावर बसवून साखरपाणी पाजलं, आणि भाचीनं एका हातानं माझा हात धरून ठेवला होता. म्हणजे कुणी कुणाचा धरला होता ते तुम्ही समजून घ्या. तिनं मात्र हूं की चूं केलं नाही. टाके पडले, कापूस चावायला दिला आणि तो हरभरा एका डबीत घालून तिच्या हातात ठेवला.

घरी आई गावाहून येऊन बसली होती. शेणासकट. सवय! डबी बघितल्याबरोबर तिनं गोळा करायला घेतला, तशी भाची तोंडात कापूस असतानाच किंचाळली. "छपरावर नको! परत असाच येईल!"

मुद्दा बिनतोड होता. दाजी म्हणाले, कचऱ्यात टाकू. भाची म्हणाली, कचऱ्याच्या गाडीवाल्या काकांना येईल. ताई म्हणाली, तुळशीत पुरू. भाचीनं तुळशीकडे अशा नजरेनं बघितलं, की ताईनं शब्द मागे घेतला. शेवटी आईनं निकाल दिला. "मामाला देऊन टाक. न्हाई तरी त्यालाच जड हाय." ती डबी कंपनीत माझ्या लॉकरमध्ये आहे, सेफ्टी गॉगलच्या शेजारी. अजून तरी मला काही उगवलेलं नाही.

मग पुन्हा वाट बघणं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काही महिने लागतील, नाहीच उतरला तर तार लावून खाली ओढावा लागेल. भाची रोज सकाळी आरशासमोर ओठ वर करून उभी. मी गेटमधून आत शिरलो की वॉचमनची पोरगी पुस्तकातून मान वर करून विचारायची, "आला का तिचा?"

"नाही अजून."

"येईल," ती म्हणायची आणि पुन्हा वाचायला लागायची. एकदाही चुकली नाही. ही पोर कट्टी असतानाही आमच्यातल्या कुणाहूनही जास्त चिवटपणे त्या दाताची वाट बघत होती, आणि मला दर वेळी तिला नाही म्हणताना कसंतरी व्हायचं. वर जाऊन भाचीला सांगावं म्हटलं तर ती कानावर हात ठेवायची.

थंडी सरत आली होती. शिफ्ट सुटून, चाकणच्या ट्रॅफिकला यथेच्छ शिव्या घालून मी रहाटणीला पोचलो. गाडी स्टँडला लावतोय तर केबिनच्या मागून कुकरची शिट्टी झाली.

माझं हेल्मेट हातातच राहिलं. तसाच मागे गेलो. वॉचमनच्या खोलीच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. भाची शाळेच्या ड्रेसमध्येच, दप्तर पाठीला. ताईला अजून माहीत नव्हतं, आईला नव्हतं, मला तर नव्हतंच. शाळेतून येताना व्हॅनच्या आरशात तिला हिरडीतून एक पांढरी रेघ दिसली, करवतीसारखी दातेरी, आणि ती घरी न जाता थेट इथं आली होती. सॉरी म्हटली की नाही, मला माहीत नाही. तोंड वासून बसली होती, आणि वॉचमनची पोरगी चिमटीनं ती रेघ धरून बघत होती. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, अगदी गंभीरपणे.

मग तिनं बोट फ्रॉकला पुसलं.

"हलत न्हाई," ती म्हणाली. "तुझाच हाय."

आणि दोघी पुन्हा सुटल्या. भाचीचे दोन्ही हात मांडीवर होते.